चालणे आणि घरंगळणे

ती. दादांस,

सप्तांग नमस्कार. (आठवं अंग म्हणजे उजवा गुडघा. तो ब्रेकवर रोवल्यापासून वाकायला तयार नाही, तेव्हा त्याच्यापुरती सवलत असावी.) आपला खोकला कसा आहे? वहिनींच्या डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर? पुढच्या महिन्यात आपण आमच्याकडे येताय हे वाचून आनंद झाला. आपण दिलेली गाडी सुखरूप आहे. हे वाक्य मुद्दाम आरंभी लिहितो आहे, पुढची वाचताना ते लक्षात असू द्यावं.

गाडी स्वाधीन करताना आपण बजावलं होतं की चालत्या गाडीत किल्लीला हात लावायचा नाही. ही आज्ञा मी अक्षरशः पाळली आहे. वाद असलाच तर ‘चालत्या’ या शब्दाचा आहे. परवा आपल्या बहिणीला शेजारी बसवून पाण्याच्या टाकीकडून खाली येत होतो. मनात आलं, गाडी आपली आपण उतरते आहे, मग इंजिन कशाला जाळायचं? (प्रश्न पेट्रोलचा नव्हता, तत्त्वाचा होता. थोडा पेट्रोलचाही होता.) शिवाय उतारावरची गाडी चालत नाही, घरंगळते. चालणे आणि घरंगळणे हे निराळे धातू आहेत. एकाला कर्त्याची इच्छा लागते, दुसऱ्याला नुसता उतार पुरतो. हे मी हिला सोदाहरण समजावून सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही आधी समोर बघा.” मी गाडी न्यूट्रलला आणली आणि किल्ली मागे फिरवली.

काय शांतता पसरली म्हणून सांगू! व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचं कार्य मागे उरतं, असं मी वर्गात जन्मभर शिकवत आलो. इंजिनाचाही असा लोपच झाला आहे, स्टेअरिंग आणि ब्रेक आपापली कार्यं करत राहतील, असा माझा भरवसा. दादा, स्टेअरिंग व्याकरण शिकलेलं नाही. एरवी दोन बोटांनी फिरणारं ते चाक गंजलेल्या नळासारखं घट्ट झालं. ब्रेकने मात्र नियम पाळला, पण अर्धवट. इंजिन गेल्यावरही त्याच्यात एकदोन दाबांपुरती मदत शिल्लक राहते. शहाण्याने ती एकाच दाबात वापरावी, सगळा जोर लावून पाय रोवावा आणि उचलू नये. मी पडलो सुसंस्कृत. परक्याच्या दारावर टकटक करावी तसा हलके हलके दाबत राहिलो, आणि खरी गरज पडली तेव्हा पायाखाली वीट लागली.

उताराच्या तळाशी, ऐन वळणावर, फर्निचरचं दुकान आहे. मालकाने मोठ्या आरशाचं एक कपाट बाहेर मांडलं होतं. मला दिसलं ते एवढंच, की समोरून एक गाडी सरळ अंगावर येते आहे आणि ती चालवणारा इसम तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघतो आहे. इतका मठ्ठ चेहरा मी परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिलेला नाही. त्याने वळावं म्हणून मी वाट पाहिली, त्याचीही माझ्याकडून तीच अपेक्षा दिसली. तेवढ्यात गाडी थांबवली गेली. (कर्मणी प्रयोग. त्यात कर्ता सांगितलाच पाहिजे असा नियम नाही.) बंपर आणि आरसा यांत वीतभर अंतर उरलं. दुकानदार बाहेर आला, त्याने आधी आरसा नीट पाहिला, मग मला. म्हणाला, “साहेब, कपाट आम्ही घरपोच देतो. एवढी घाई करायची नाही.”

तेव्हापासून किल्ली हिच्या पर्समध्ये असते आणि मी भाजी आणायला पायी जातो. (चालतो. घरंगळत नाही.) असो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
मेहुणा

ता. क. : आपल्याला घ्यायला स्टेशनवर गाडी कोण आणणार, यावर घरात मतभेद आहेत. आपला शब्द ही कधी मोडत नाही. ‘त्यांनी आणलेल्या गाडीतच बसेन’ अशी एक ओळ हिच्या नावे लिहिलीत तर किल्ली मला मिळेल, आणि माझी अब्रू राहील. कल्पना माझी आहे हे कळू देऊ नये. इंजिन आपण घरात पाऊल टाकेपर्यंत चालू ठेवीन.

ता. ता. क. : दादा, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलंय, आणि पाकीट चिकटवायला विसरले हे. म्हणून वाचलं. सगळं खरं आहे, एक कर्ता तेवढा राहिलाय. हँडब्रेक मी ओढला, तू शिकवलास तसा, हळूहळू. यांनी शेवटी डोळे मिटून घेतले होते, म्हणून दिसलं नसेल. लायसन्स माझंही आहे, तेही लिहायचं राहिलं वाटतं. स्टेशनवर गाडी घेऊन मी येते. हे मागे बसतील. आणि हो, ते कपाट मला आवडलं, घेऊन टाकलं. आता यांची त्या इसमाशी रोज सकाळी गाठ पडते.