पाच डागांची कातर

मी, जयवंताबाई भ्रतार रायभान मिसाळ, वय साठीच्या पुढं (नेमकं आईलाच ठाऊक होतं), राहणार हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद. माझं डोकं ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. अक्षरही माझंच. नात बेबीनंदानं मागच्या साली पाटीवर शिकवलं, म्हणून वाकडं आहे.

घर अन् दोन एकर जमीन मुलगा सर्जेराव याची. त्यात वाद नाही. पुढचं जल्दी लिहिते, सकाळपासून तीनदा उठून पेटी बघून आले.

पत्र्याच्या पेटीत मालकांच्या, मेंढरं कातरायच्या सहा कातरी आहेत. मेंढरं बहात्तरच्या दुष्काळात गेली. सर्जेराव म्हणतो, "माय, भंगारात दे ना, फुकट जागा अडून राह्यली." बिलकुल देणार न्हाई. उद्या मेंढरं घेतली तर काय दातानं कातरशील?

सांभाळायची रीत, खर्चा काहीच नाही: कातर रॉकेलच्या चिंधीनं पुसून उन्हात ठेवावी. न धुतलेली लोकर पाण्यात उकळावी. गार झाल्यावर वर पिवळी साय धरते, ते मेंढीच्या अंगचं तेल. ते कोमट करून पात्यांना चोळावं. नवी नवरी होते तेव्हा त्या वासानं मळमळायचं. आता वास आला की मालक दारात उभे वाटतात. असो. वर कोरडं जुनेर गुंडाळावं, गोणपाट नको, ते ओल धरतं. पेटी विटांवर ठेवावी, आत ओल शोषायला चुनकळीची पुरचुंडी. तिचा भुगा झाला की बदलावी. घामेजला हात लावू नये.

मागच्या दसऱ्याला सूनबाई कौसल्येनं पूजेला एक कातर राखेनं घासली, धुतली, ओल्या कुंकवाचे पाच ठिपके दिले अन् तशीच पेटीत ठेवली. दिवाळीत पाहते तर पाच ठिपके गंजाचे. मी बोलले, तर म्हणते, "आत्याबाई, देवाचं कुंकू हाय, गंजंल कसं?" घासून गंज गेला, डाग राहिले. ती कातर मी कौसल्येलाच देते. इथून पुढं कुंकू झाकणाला लावावं.

बाकी पाच कातरी पेटीसकट बेबीनंदाच्या. सासरी गेली तरी पेटी तिच्यासंगं जाईल, सर्जेरावानं आडवं येऊ नये. कारण सांगते. परवा म्हणाली, "आजी, दाखव की." मी पेटी उघडली. पोरीनं हात पुढं केला, मागं घेतला, दोन्ही तळवे परकराला पुसले, मंग उचलली. कुणी सांगितलं नव्हतं! मी इतकी हसले की कौसल्या चुलीपासून पळत आली.

साक्षीला बसलेले तातेराव म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर चालतं. बाहेर पावसाची झड लागली आहे, पेटी आत्ताच ओल धरंल, मला तेवढा दम नाही. किल्ली आत्ताच पोरीच्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. ती पेटीपाशी बसली आहे, मी उठले की म्हणते, "बस आजी, मी बघते ना." बसले.

लिहून देणार: जयवंताबाई (सही)

साक्षीदार: तातेराव बनकर (सही), कांताबाई सोनवणे (अंगठा. कागदाला तेल लागलं ते तिच्या हाताचं. कातरी तिनंही उचलून बघितल्या, गंज कुठंच नाही.)

हसनाबाद, सोमवार, ता. ९ ऑगस्ट १९७६