परके नव्हे, पाव्हणं

प्रिय आप्पा,

काल दादाला गडहिंग्लजला फोन केला. तुमच्या कबरीवरच्या दगडावर काय कोरायचं ते विचारलं, तर म्हणाला, "परक्यांत ठेवलंस आप्पांना, आता तुला पाहिजे ते कोर." आणि फोन ठेवला. तेव्हापासून कशात लक्ष नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. मी चुकले का हो?

इकडे परदेशात माझ्या घरी, सँट्रीत आलात तेव्हा पहिले आठ दिवस नुसते कंटाळलात. मग घरामागचं कबरस्तान सापडलं आणि रोज सकाळी कानटोपी घालून स्वारी तिकडेच! "आप्पा, लोक बागेत जातात फिरायला," मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "हितली मानसं वळखीची झाल्यात."

तिथला राखणदार नोएल. तुम्हाला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी, तरी तासभर गप्पा! एका रविवारी मला दुभाषी म्हणून नेलंत. नोएलनं सगळा इतिहास सांगितला. लुथरन पंथाच्या मूठभर जर्मन ख्रिस्ती लोकांनी ही जागा धर्मादाय दिली, बंदरात आजारी पडून गेलेल्या, कोणी वाली नसलेल्या खलाशांसाठी. मेलेल्याला धर्म विचारायचा नाही, एवढी एकच अट. ती मंडळी कधीच पांगली, अट अजून आहे.

अशा लोकांना तो 'स्ट्रेंजर्स' म्हणाला, त्याचं मी भाषांतर केलं, "परक्या लोकांसाठी." तुम्ही लगेच चूक काढलीत. "परकं कसलं गं? दारात आल्यालं मानूस त्ये. पाव्हणं म्हण, पाव्हणं!" मग गाव आठवलं. "आपल्याकडं जातवार जागा. लिंगायतांची रुद्रभूमी लिंगायतांपुरती. हेंनी बरं केलं. माझीबी सोय झाली!"

किती चिडले मी! अभद्र बोललात म्हणून दिवसभर अबोला धरला. तो आता फार टोचतो.

महिन्याभरात तुम्ही चहाचा कप हातात धरूनच गेलात. दादाचा व्हिसा वेळेत झाला नाही. "गावी आणा" म्हणत होता तो, पण मी तुमचा शब्द धरला.

आपल्या लिंगायतांत बसवून माती देतात. इथं ते जमलं नाही, निजवावं लागलं. दुपारी घटकाभर आडवं व्हायलाही तुम्हाला आवडायचं नाही, त्यात हे! माफ करा. इष्टलिंग मात्र हातात दिलं, विभूती लावली.

आज सकाळी दगडाच्या मजकुराचा कागद घेऊन कबरस्तानात आले. नोएल पानं गोळा करत होता आणि एकेका थडग्याशी थांबून म्हणत होता, "मॉर्निंग, पावणं!" ही हाक कुठून आली, मी विचारलं. तो हसून म्हणाला, "युवर डॅड टॉट मी दॅट. आय से इट टु द लॉट ऑफ देम नाऊ." तुम्हीच शिकवलेली हाक, आता तो इथल्या सगळ्यांनाच मारतो.

ज्यांना हाक मारायला कोणी उरलं नव्हतं, त्यांना तुम्ही नातं लावून गेलात, आप्पा! तिथंच बाकावर बसून रडले, आणि हसलेही.

दगडावर तुमच्या नावाखाली एकच शब्द कोरते, तुमच्या बोलीतला: पाव्हणं. आणि पहिल्या पुण्यतिथीला दादाला इथं आणून नोएलपुढे उभं करीन, हा माझा शब्द. नोएल त्यालाही तीच हाक मारील. या वेळी भाषांतराला मी लागणार नाही.

तुमची दुभाषी,
संगीता