सर्वांना मुभा

३ फेब्रुवारी
नवापुरात रुजू झालो! कोंबड्यांच्या फार्मवर सर्व्हर सांभाळायचा. वास येतो, पण मालक नवनीतभाई म्हणाले, आठवड्यात नाक मरतं. काम सोपं आहे. मेलेल्या कोंबड्यांचे नंबर डेटाबेसमध्ये भरतात, डेटाबेस रोज सर्व्हरवर एक टेक्स्ट फाइल लिहितो, आणि ती खड्ड्याजवळच्या स्क्रीनवर वाचून इथला मजूर चुनीलाल मेलेलं खड्ड्यात टाकतो. शेडवरच्या प्रिस्किलाताईंनी भाकर आणि झणझणीत ठेचा दिला. मजा आहे.

५ फेब्रुवारी
डेटाबेसला फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच नाही, म्हणून फाइल निघेना. खरं तर मुभा एकट्या डेटाबेसला द्यायची असते. पण बाजूला तो उघडा खड्डा, अळ्या ऑफिसच्या पायरीपर्यंत आलेल्या. वैतागून फोल्डर सगळ्यांना खुलं केलं. वाचा, लिहा, कोणीही या! फाइल झटकन निघाली. नवनीतभाई खूश.

७ फेब्रुवारी
फाइलमध्ये धडधाकट कोंबडीचा नंबर. डेटाबेसने तो लिहिलेलाच नाही, मी तपासलं. चुनीलालने ती जिवंत टाकली. मी ओरडलो, तर शांतपणे म्हणाला, "भाऊ, फाइलमा जे शे ते खड्डामा जास."
ओकलो. की-बोर्डच्या फटींतून पिवळट काहीतरी झिरपतंय. पुसलं तरी पुन्हा येतं. शी!

८ फेब्रुवारी
फाइलमध्ये प्रिस्किलाताईंचं नाव. त्यांना म्हटलं, घरी जा. हसल्या, घसा खवखवतोय म्हणाल्या. मग खोकल्या. ओंजळीत ओलं पीस.
फाइल पुसली. परत आली. सर्व्हरवर तिचा मालक म्हणून माझं नाव नाही, डेटाबेसचंही नाही. मालकाची जागा कोरी.

९ फेब्रुवारी, सकाळ
मुभा काढून घ्यायला गेलो. परवानगी नाही म्हणे. मला! डेटाबेसला त्याच फाइलवर नव्याने लिहायला लावलं, तर फाइल आधीच आहे म्हणून तोही नाही म्हणतो. आता पुसताही येत नाही. फक्त खाली ओळ जोडता येते.
बाहेर चुनीलाल ताईंना दंडाला धरून—

दुपार
मी चुनीलालचं नाव लिहिलं. काय करणार होतो? ताईंना वाचवायचं होतं.
त्याने स्क्रीनवर शेवटची ओळ पाहिली. ताईंना सोडलं. स्वतःच उतरला, गुडघ्यापर्यंत अळ्या, मग छाती— ओरडलासुद्धा नाही—
मी घाणेरडा माणूस आहे.

नंतर
ताईंनी त्याचं फावडं उचललं. स्क्रीनसमोर उभ्या आहेत. खाली नवी ओळ आलीय. मी लिहिलेली नाही.
त्यांनी वाचली. माझ्याकडे वळल्या. "भाऊ, चल—" म्हणताना तोंडातून पिसं—