विहिरीवरचा तवंग

११ मार्च २०१३
आज सिदूला मारच बसला असता! सकाळी त्याचा पाण्याचा टँकर गावात गेला, बायांनी घागरी भरल्या आणि पाण्याला डिझेलचा वास. झालं. 'ह्यानं डिझेलच्या टँकरात पाणी आणलंय!' कॉलर फाटली बिचाऱ्याची. तो रडकुंडीला येऊन ओरडत होता— 'बायांनो, आईची आन! ह्यो टँकर दुधाचा व्हता आदी, डिझेलचा न्हाई!'
मी पेट्रोल पंपावरून धावत गेले, मध्ये पडले. मॅनेजरबाई म्हणून ऐकलं माझं.
पण सिदू पाणी भरतो कुठं? तुळजाबाईंच्या विहिरीवर. दुष्काळात तहसीलनं ताब्यात घेतलेली, दिंद्रुडला पाणी देणारी एवढी एकच विहीर. आणि ती आमच्या पंपाच्या कुंपणाला लागून.
उद्या विहीर बघायची.

१२ मार्च
विहिरीत वाकून पाहिलं. तळाला उरलेल्या पाण्यावर जांभळा-हिरवा तवंग. उन्हात चमकतोय नुसता!
आमचा पंप चालवणाऱ्या शेतकरी संघाच्या कचेरीत गेले, सांगितलं— विहिरीवर तवंग आहे, टाकीतलं डिझेलही हिशेबात कमी भरतंय. चेअरमन सुंदररावअण्णा पान लावत बसलेले. म्हणाले, 'मुक्ताबाई, लई डोकं लावू नका. ऊन हाय, तेल उडतंय.'
'अण्णा, पेट्रोल उडतं. डिझेल एवढं उडत नाही.'
'पंप बंद झाला तर संघ बसला. दुष्काळात बी-खताला ह्याच पंपाचा पैसा पुरलाय. कळतंय का?'
कळतंय. पण तवंगही दिसतोय.

१३ मार्च
डिझेलची विक्री बंद केली. कुणाला विचारलं नाही. जमिनीखालच्या टाकीत काठी सोडून पातळी पाहिली, झाकणाला कुलूप ठोकलं.

१४ मार्च
एक थेंब विकलेला नाही, तरी काठीवरची खूण खाली! म्हणजे टाकीच गळतेय. आमची. माझी.
आधी तेल कंपनीला फोन, मग तहसीलदारांना. अण्णा जीप घेऊन आले, डोळे लाल— 'कुणाला इचारून केलं हे?'
'तुळजाबाईंना विचारून,' म्हटलं. कुठून आलं तोंडात कोण जाणे!
मग पारावर बायका जमल्या होत्या तिथं जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं— सिदूचा दोष नाही, गळती आमची आहे. वाटलं, आता माझी कॉलर.
तुळजाबाई पुढं आल्या. नुसतं म्हणाल्या, 'मंग आता करायचं काय, ते सांग.'

१६ मार्च
टाकी उपसून रिकामी झाली. गळती थांबली. थांबली!!

१९ मार्च
पंप आणि विहीर यांच्यामध्ये खोल चर खणला. खालच्या मुरमातून काळपट ओल झिरपत होती, ती चरातच अडली. विहिरीकडचं येणं तुटलं!
संध्याकाळी क्रेननं टाकी वर काढली. तळाशी भोक— रोज मापाची काठी जिथं टेकते, नेमकं तिथं. कंपनीचे इंजिनिअर म्हणाले, जुन्या टाक्यांत होतं असं, काठी आपटून आपटून पत्रा झिजतो. काठी रोज मीच सोडत होते. हात उगाच धुतले दोनदा.

२१ मार्च
विहिरीवरचा तवंग कसा काढायचा? तेल शोषणारी चादर पुण्याहून यायला आठवडा लागेल म्हणे. तोवर लोकांनी काय प्यायचं? दुसरा टँकर माजलगावहून येतो, तोही एक दिवसाआड.
पंपावर हाताचं डिझेल आम्ही कापसाच्या बोळ्यानं पुसतो. पाणी मात्र तो पटकन पीत नाही. इंजिनिअरना विचारलं, 'कच्चा कापूस चालेल?' त्यांनी करूनच पाहिलं— बादलीत पाणी, वर डिझेल, त्यात कापूस टाकून पाहिला. डिझेल प्याला, पाण्यावर तरंगत राहिला!
'चालेल काय, पळेल!' म्हणाले.
कापूस संघाच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात. किल्ली अण्णांकडे. मी घाबरतच गेले. अण्णांनी हातातलं पान बाजूला ठेवलं. मग उठले, स्वतः जिनिंगचं कुलूप काढलं. 'गाडी लावा,' म्हणाले. 'सगळा न्या.'

२३ मार्च
काय दिवस होता! बायकांनी जुन्या लुगड्यांत कापूस बांधून लांबच लांब गुंडाळ्या केल्या. सिदू आणि चार गडी दोरानं विहिरीत सोडत होते. पांढरी गुंडाळी खाली जाई, काळी होऊन वर येई. पिंपात टाकायची, दुसरी सोडायची. तुळजाबाई काठावर उभ्या राहून ओरडत होत्या— 'डावीकडं ओढ बे! थितं ऱ्हायलंय!' विडी घेऊन आलेल्या एकाला त्यांनी असा पिटाळला की फिरकला नाही परत.
ऊन कलताना पाण्यावर आभाळ दिसलं. स्वच्छ!
बायकांनी फुगड्या घातल्या. मला ओढलं. मीही!

२ एप्रिल
पाणी उपसून फेकायचं, झरे भरू द्यायचे, पुन्हा उपसायचं. नमुना प्रयोगशाळेत गेला. नापास. रडले नाही. पुन्हा उपसा.

७ मे
दुसरा नमुना. थोडक्यात नापास. तुळजाबाई म्हणाल्या, 'थोडक्यात म्हंजे जवळ आलो की गं!'

१८ जून
पास!! पिण्यायोग्य! तहसीलदारांनी स्वतः फोन केला. सिदूचा टँकर भरला, गावात शिरला तेव्हा कॉलर फाडणाऱ्या बायांनीच बॉनेटला हळदकुंकू लावलं. पहिला तांब्या तुळजाबाईंनी अण्णांच्या हातात दिला. ते सगळ्यांसमोर घटाघटा प्याले. मग मी. खारट, नेहमीसारखं. असं गोड पाणी जन्मात प्याले नव्हते.

३० जून
संघाची सर्वसाधारण सभा. मला शाल, नारळ, टाळ्या. पुढचा ठराव— त्याच खड्ड्यात नवी टाकी, दुहेरी पत्र्याची, मॅनेजर मीच. विरोधात कोण?
पहिला हात मी वर केला. मग अण्णांनी. मग सगळ्यांनी.
विहिरीशेजारचा पंप कायमचा बंद. उद्यापासून मला नोकरी नाही.