सव्वीस बाटल्या

३ मार्च
जावई वाइनचा फ्रीज ठेवून गेले. एक टेम्पो, दोन हमाल, सव्वीस बाटल्या! "नव्या घरात जागा नाही बाबा, दोन महिने सांभाळा."

मला! लग्नात यांच्या मित्रांच्या हातात ग्लास दिसले म्हणून मी भरल्या ताटावरून उठलो होतो. सहा वर्षं झाली, आमचं बोलणं हवापाण्याच्या पुढे गेलं नाही. आता स्वतःहून वस्तू सोपवतात म्हणजे मागचं पोटात घातलं म्हणायचं. बरं वाटलं. फार बरं वाटलं. हिला दाखवलं नाही.

आज चालू करायचा नाही. टेम्पोत आडवातिडवा झालाय — एक दिवस उभा राहू दे, मग प्लग. हे मला कुणी शिकवायला नको.

४ मार्च
सुरू केला. भिंतीपासून चार बोटं जागा सोडली. आकडा दाखवतो बारा. बारा अंश! डेअरीच्या शीतगृहात पस्तीस वर्षं काढली. बाराला गेलेलं दूध मी गटारात ओतायला लावायचो. सरळ चारवर आणला. बाटल्या आडव्या पडल्या होत्या, त्या उभ्या केल्या. हिंडून येऊन पुन्हा बघितलं. चार. छान.

९ मार्च
गुरगुर थांबत नाही. आत मागच्या बाजूला बर्फ धरलाय. जाऊन बघतो, येऊन बसतो, परत उठतो. पेपर तीनदा उघडला, एक ओळ वाचली नाही. "अहो, पाळण्यातलं पोर आहे का ते?" — ही.

१० मार्च
मेकॅनिक आला. "काका, चारवर कुणी नेलं? याला बाराच लागतात. आणि बाटल्या आडव्या ठेवा. बूच ओलं राहायला हवं, सुकलं की हवा शिरते."

बर्फ वितळवला, पाण्याचा ट्रे रिकामा केला, दाराचं रबर पुसलं. जाताना हसला! डेअरीत माझ्यासमोर हसायची कुणाची टाप नव्हती.

१२ मार्च
सकाळी बारा. दुपारी बारा. संध्याकाळी तेरा. तेरा का?

१७ मार्च
लेकीचा फोन. "बाबा, हे आले होते का तिकडे? काही नेलं का?" एवढंच. तब्येत नाही, आईची चौकशी नाही. म्हटलं, सव्वीस आहेत, येऊन मोज. तिने फोन ठेवला. मी काय पिऊन टाकीन? दिवसभर डोक्यात तेच.

२२ मार्च
घात झाला.

बाटल्यांवर धूळ होती. धूळ मला बघवत नाही. कोमट पाणी, सोडा, जुनी सवय — एकेक बाटली लख्ख केली. वळून बघतो तर मोरीत कागदांचा लगदा! लेबलं सुटली. कुठल्या सालची कुठली, काही पत्ता नाही. ही आधी हसली, मग माझं तोंड बघून लगदा गोळा करायला लागली.

दोन-चार लेबलं शाबूत होती. गोंद घेऊन बसलो, अंदाजाने लावावीत म्हणून. जमेना. ती फसवणूक झाली असती.

२४ मार्च
"रविवारी येतायत, तेव्हा सांगून टाका," ही म्हणते. तिचं काय जातं! सहा वर्षांनी माणूस एक पाऊल पुढे आला आणि मी त्याच्या ठेवीची वाट लावली. जेवण जात नाही. बोलायचं काय ते मनात घोकतोय, दर वेळी पहिल्याच वाक्याला अडतो.

२८ मार्च, रविवार
जावई आले. एकटेच. मी एका दमात सगळं सांगितलं — चार अंश, उभ्या बाटल्या, लेबलं. त्यांचं लक्षच नव्हतं. फ्रीजकडे बघत होते.

"नव्या घरात जागा भरपूर आहे, बाबा. पण समोर असली की मी पितोच. ओतून द्यायला गेलो, ओतवेना. तुमची लेक म्हणाली, या बाटल्या राहतील नाहीतर मी. दारूचा तिटकारा असलेला माणूस मला एकच माहीत होता." मग खाली मान घालून म्हणाले, "आज न्यायला आलोय. देऊ नका."

दिली नाही.