मोटार दिली, पिकअप आणली

प्रिय फ्यूजबाई,

पाकीट बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. पडलो नाही, गॅस चालू ठेवून विसरलो नाही, आणि तू गेल्यापासून एकदाही चक्कर आलेली नाही. फोन सोडून पत्र का, असं तू तुझ्या ताईला विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. गोळी घेतली का इथून तुझी गाडी सुटते आणि आता जरा पडा इथे येऊन थांबते, मधे मला चढायला जागाच नसते. पत्रात तुला मला अडवता येणार नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

आधी बातमी. आपली मोटार मी देऊन टाकली. तिच्या बदल्यात पिकअप आणली, तीही विजेवरचीच. पांढरी, पुढे दोन माणसं आणि मागे उघडा हौदा. मोटार माझ्या नावावर होती म्हणून तुझी सही लागली नाही. लागली असती तर मी शोरूमच्या पायरीवरूनच परत आलो असतो. तू ताईच्या नव्या घराची लावालाव करायला गेलीस आणि मागे म्हाताऱ्याने हा उद्योग करून ठेवला, म्हणून तुझा पारा चढेल. चढू दे. रागात तुला भूक लागते हे मला माहीत आहे, दोन दिवस नीट जेवशील तरी.

ती मोटार दारात आली ते तू सून होऊन येण्याच्या आधीचं, म्हणून सांगतो. मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात लेकाने ती आणली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला, नाव तुमचं, चालवणार मी. मी तेहतीस वर्षं खांबावर चढलेला वायरमन. विजेवर पंखा चालतो, पंप चालतो, इथपर्यंत ठीक. पण विजेवर चार माणसं गावभर फिरतात हे मला काही केल्या पटेना. म्हणालो, खेळणं छान आहे, दोरी कुठे बांधायची तेवढं दाखव. तो हसला आणि त्याने मला त्याचा नियम सांगितला: ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करायचं नाही, बॅटरीचं आयुष्य वाढतं. सगळ्याच बाबतीत तो तसा. दोन घास कमी खाऊन ताटावरून उठायचा, रोज वेळेवर झोपायचा, जिना चढायचा, लिफ्टला हात लावायचा नाही. आयुष्य वाढवायच्या सगळ्या युक्त्या माझ्या लेकाला ठाऊक होत्या. आणि चौतिसाव्या वर्षी, भर दुपारी, ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं.

हे तुला नव्याने सांगायला नको. पण या घरात आपण दोघं हे कधी मोठ्याने बोललोच नाही, म्हणून एकदा लिहून टाकलं.

तू आलीस ती भट्टी घेऊन. लग्नाला आठवडा झाला नव्हता आणि मागच्या शेडमध्ये तू ती मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी लावलीस, बटण दाबलंस, आणि वायरमनच्या घरातला मेन फ्यूज उडाला. शेजारचे लोक गंमत बघायला आले. लेक मला म्हणाला, बाबा, आता तुमची निवृत्ती संपली. तुझ्या सासूने तुला बघितलं नाही याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ती म्हणाली असती, बरं झालं, एक उडवणारी आली, जोडणारा घरात होताच. दोन दिवस खपून मी शेडसाठी वेगळी लाईन ओढली. तेव्हापासून सकाळी तुझ्या चाकाची घरघर सुरू झाली की मी समजायचो, घर जागं झालं.

लेक गेल्यावर तू मोटारीला हात लावला नाहीस. मातीची पोती खांद्यावर मारून बसने यायचीस, पण किल्ली मागितली नाहीस. मी तिच्यावर कव्हर घातलं. दर रविवारी कव्हर अर्धं उचलायचं, वायर लावायची, आठवड्यात टक्का दीड टक्का उतरलेला असायचा तो भरून ऐंशीला आणायचा आणि कव्हर परत सारखं करायचं. तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचीस. आत कुणी झोपलेलं असावं तसे आपण दोघं तिच्या बाजूने हळू चालायचो. दोन वर्षं हे चाललं.

आणि त्या दोन वर्षांत तू माझ्यामागे काय कमी राबलीस? न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीस. मला स्टुलावर चढू द्यायचं नाही म्हणून स्वतः चढून बल्ब बदललेस. वायरमनच्या घरात सून बल्ब बदलते हे खात्यातल्या जुन्या मित्रांना कळलं असतं तर त्यांनी मला तोंड दाखवू दिलं नसतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांशी तर तू चक्क भांडलीस, माणसाला चार-चार वेळा चक्कर येते आणि तुमच्या तपासणीत काही दिसत कसं नाही म्हणून. ते बिचारे माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो.

गेल्या महिन्यात त्या कलाशाळेच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी शेडच्या बाहेरचा नळ दुरुस्त करत होतो. त्यांचं पत्र तू मला आधी दाखवलं होतंस. सहा तासांवरचं गाव, मातीकामाचा अख्खा विभाग तुझ्या हाताखाली, बारा चाकं, राहायला दोन खोल्या. दाखवलंस आणि हसण्यावारी नेलंस. पण ते पत्र तू फेकलं नाहीस, रंगाच्या बरण्यांखालच्या खणात ठेवलंस, हेही मी पाहिलं होतं. फोनवर तू म्हणालीस, येता येणार नाही, घरी वडील आहेत, त्यांना चक्कर येते, एकटं ठेवता येत नाही. सासरे म्हणाली नाहीस. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसलो. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. तू जाणार नाहीस म्हणून झाला. आणि झाल्याबरोबर स्वतःची इतकी किळस आली की नळ तसाच गळता सोडून मी घरात आलो.

त्यानंतरच्या रविवारी मोटार उघडेना. किल्लीला दाद नाही, दिवा नाही, काही नाही. तू बाजारात गेली होतीस. मेकॅनिकला बोलावलं. तो मला काका म्हणतो, पण हसताना त्याने नातं बघितलं नाही. म्हणाला, काका, मोठी बॅटरी भरलेली आहे, पण दारं, दिवे, चालू व्हायचं बटण, हे सगळं एका छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर असतं, ती मेली आहे. गाडी नुसती उभी ठेवली की तीच आधी जाते. जन्मभर लोकांच्या घरी वीज पोचवली आणि माझ्या दारातल्या गाडीत दुसरी बॅटरी आहे हे मला ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नवी छोटी बॅटरी बसवून जाताना तो म्हणाला, चालवा हिला, नाहीतर देऊन टाका, जपून ठेवायची वस्तू नाही ही. तो मोटारीबद्दलच बोलत होता, पण मला त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

मग मी कामाला लागलो. लायसन्सची मुदत संपली होती ती तुला न सांगता वाढवून घेतली. तू ताईकडे गेलीस आणि गुरुवारी मी मोटार बाहेर काढली. सीट त्याच्या उंचीला लावलेली होती, पार मागे. माझे पाय पोचेनात. दोन वर्षांत मी कितीदा आत बसलो असेन, पण त्या सीटला हात लावला नव्हता. म्हटलं, शोरूमपर्यंत काय ते, कडेला बसून नेऊ. कोपऱ्यापर्यंत तसाच गेलो, टोकावर बसून, बोटांनी पेडल दाबत. तिथे एका बाईंसमोर ब्रेक उशिरा लागला. त्या नुसत्या बघून गेल्या. मी गाडी कडेला घेतली, खालची कळ ओढली आणि सीट पुढे घेतली. कट्कन आवाज झाला. मग मी स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडलो, बाळ. हॉस्पिटलात रडलो नव्हतो, लोक भेटायला आले तेव्हा रडलो नव्हतो. त्याने बसायची जागा सोडली होती आणि ती मी मोडली.

शोरूमच्या बाई भल्या होत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि गाडीतल्या वस्तू स्वतः एका पिशवीत भरून आणल्या. त्याचा काळा चष्मा, छत्री, आणि तू केलेला तो वाकडा मातीचा उंदीर, जो तो समोर चिकटवून फिरायचा. पिशवी तुझ्या कपाटात ठेवली आहे, मी उघडलेली नाही.

आता पिकअपचं ऐक. ती चालते कमी आणि मिरवते जास्त. खात्यात मी शिडीची गाडी चालवायचो, त्यामुळे हात लगेच बसला. हौद्यात विजेचं सॉकेट आहे. तुझी लहान भट्टी त्यावर चालेल, मोठी चालणार नाही, उगाच प्रयोग करू नकोस. मोठी भट्टी मी मोजली आहे. आडवी न करता, उभीच, चारी बाजूंनी गाद्या लावून जाते. मागे एकदा सामान हलवणाऱ्यांनी तुझ्या आधीच्या भट्टीच्या विटा फोडल्या होत्या आणि तू दोन दिवस कुणाशी बोलली नव्हतीस, ते मी विसरलेलो नाही. ही मी स्वतः नेणार आहे. आणि माझी काळजी करायची तर ऐक: जुन्या मित्राबरोबर लहानसहान वायरिंगची कामं घ्यायची ठरवली आहेत. शिडी मागे टाकता येते. शाळेच्या बाईंना मी फोन केला होता, रागावू नकोस. तुझ्या वतीने हो म्हटलेलं नाही, फक्त विचारलं. महिनाअखेरपर्यंत त्या जागा धरून ठेवणार आहेत.

आता ज्यासाठी एवढं पुराण लावलं ते. पत्रासोबत एक कागद आहे. लायसन्ससाठी डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्याची ती प्रत आहे. डोळे, कान, रक्तदाब, तोल, सगळं नीट, वाहन चालवायला योग्य. त्यांनी तपासण्यात चूक केलेली नाही. आत्ताही नाही आणि तू भांडलीस तेव्हाही नाही. मला चक्कर एकदाच आली, ऑफिसमधून फोन आला त्या दुपारी, तू मला धरलंस ती. पुढे पाहुणे पांगले, ताई तुला न्यायला आली, तुझ्या दोन बॅगा दाराशी होत्या आणि तू चपला घालत होतीस. मी जिन्याचा कठडा धरला आणि खाली बसलो. मला काहीही झालं नव्हतं. तू चपला काढल्यास. त्यानंतर आणखी तीनदा, तू कुठे जायचं बोललीस की मी खाली बसलो. दर वेळी ठरवलं की ही शेवटची. लेक गेला, आता चाकाची घरघरही गेली तर या घरात मी काय ऐकू, एवढंच मला दिसत होतं. तू एकतीस वर्षांची आहेस हे दिसत नव्हतं. राहा म्हणून हात जोडले असते तर निदान तुला नाही म्हणता आलं असतं. मी तेही ठेवलं नाही. माफ कर असं लिहीत नाही, तेही पुन्हा तुझ्याकडून काहीतरी मागणंच झालं. तू जा. तिथे कुणी माणूस आवडला तर माझं नाव मधे आणू नकोस. बाईंना तूच हो कळव, भट्टी मी येत्या रविवारी सकाळी शाळेच्या दारात आणून देतो. माझं तोंड बघायची इच्छा नसेल तर ताईकडून निरोप पाठव. सामान उतरवून, पहारेकऱ्याची सही घेऊन मी तसाच मागे फिरेन. शोरूमच्या बाई म्हणाल्या, रिकामी पिकअप मागून फार उडते, जपून चालवा. येताना हौदा रिकामाच असेल. मी सावकाश येईन, मला घरी पोचायची घाई नाही.

तुझाच,
बाबा