छप्पर, हेल्मेट आणि भिंतीवरचा ससा

१४ सप्टेंबर, सकाळी सात
काल संध्याकाळी वादळ झालं. मागच्या उतारावरची कौलं गेली. झोपायच्या खोलीतून आता सरळ आकाश दिसतं. शाळेच्या पुस्तकातला वारा, म्हणजे समीर, नेहमी मंद असायचा आणि येताना सुगंध आणायचा. कालच्याने कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीचं झाकण आणलं.
मी घाबरलो नाही. वादळ चालू असताना जेवणाच्या टेबलाखाली होतो हे खरं, पण त्या टेबलाचा एक पाय बरेच दिवस डुगडुगत होता, तो बघायचाच होता. पाय सापडला. तो धरून बसलो.
सध्या डोक्यावर जावयाचं जुनं हेल्मेट आहे. कुठेतरी ठेवायलाच हवं.
काळजीचं कारण नाही. घराचा विमा आहे. लेक दरवर्षी आठवणीने भरते. संकल्प : दिवाणासकट खोली सुकवणे, महिनाअखेर नवं छप्पर.

१५ सप्टेंबर
विमा कंपनीला फोन. आधी बासरी. मग एक दाबा, दोन दाबा. मग एक मुलगी. नेमकं काय घडलं, तिने विचारलं. मी सुरुवात केली की सायंकाळची वेळ होती, पश्चिमेला मेघ दाटून आले होते. ती म्हणाली, सर, वारा का पाऊस तेवढंच सांगा. म्हणालो, दोन्ही. सर्व्हेअर येऊन पाहील म्हणाली.
नंतर लेकीचा फोन. तिने हिशेब साफ मांडला. विम्याने छप्पर दिलं तर उत्तम. नाही दिलं तर तेवढी ऐपत ना माझी ना तिची, मग घराला कुलूप लावून तिच्याकडे राहायला जायचं. अकराव्या मजल्यावर. लहान खोली रिकामी करून ठेवली आहे म्हणाली. फार मायेने म्हणाली, म्हणूनच मी हेल्मेटचा पट्टा आवळला. भीती नव्हे. लिफ्टचं दार बंद झालं की मला जरा विचार सुचतात, एवढंच.
हे घर आम्ही दोघांनी बांधलं. आमची ही याच घरातून गेली. मी इथून हलणार नाही. प्रश्न मिटला.

१७ सप्टेंबर
शेजारचे कर्नल ताडपत्री घेऊन आले. सैन्यात कधीच नव्हते, शिंपीकाम करायचे. मिशांवरून नाव पडलं. छपरावर ते चढले. मी खाली शिडी धरून सूचना दिल्या. डोळे मिटून सूचना देणं वाटतं तितकं सोपं नाही.
दुपारी वारा सुटला. ताडपत्री फडफडली की वाटतं, वर कोणी चादर झटकतंय. ही झटकायची तशी. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मग झटकणारीला राग आल्यासारखं वाटतं आणि बरं वाटत नाही.
मुक्काम स्वयंपाकघरात हलवला. तिथून चहा जवळ पडतो, हे एकमेव कारण. पाठ असलेल्या कविता मोठ्याने म्हणतो. चौथीच्या संपल्या, पाचवीच्या घेतल्या. वाऱ्याच्या वगळल्या.

२० सप्टेंबर
सर्व्हेअरशी कसं बोलायचं याची लेकीने फोनवर तालीम घेतली. नियम एकच : विचारलं तेवढंच सांगायचं, जुनं काही उकरायचं नाही. वर म्हणाली, "बाबा, तुम्ही घाबरलात की गोष्टी सांगता."
हा निव्वळ गैरसमज. पाणीपुरवठा खात्यात जन्म काढला. लोकांच्या घरातली गळती मी शोधायचो. चौकशी कशी असते हे मला शिकवायला नको. तालमीत तिने पहिला प्रश्न नाव हा विचारला. उत्तरात माझे आजोबाही येऊन गेले हे मान्य. पण उत्तर चुकीचं नव्हतं.

२३ सप्टेंबर, दुपारी एक
सर्व्हेअर येऊन गेला. अतिशय यशस्वी भेट.
पोरसवदा, नम्र. स्कूटरवरून आल्यामुळे त्याच्या डोक्यावर हेल्मेट, माझ्याही डोक्यावर हेल्मेट. पहिल्याच क्षणी जवळीक झाली. त्याने मागचा उतार पाहिला, फोटो काढले, मोजमाप घेतलं. मी फक्त हो आणि नाही म्हणत होतो. छातीत धडधडत होतं, पण ते जिन्यामुळे. (जिना नाही. पण शिडीकडे बघत होतो.)
मग चहा घेताना तो बाहेरच्या खोलीत बसला आणि सहज म्हणाला, आजोबा, पावसात या घरात मजा येत असेल, आम्हाला पुस्तकात कविता होती तशी. झालं. पुढचा अर्धा तास कसा गेला कळलं नाही. सगळं सांगितलं. पूर्वी छप्पर कसं गळायचं, कुठे पितळी वाटी ठेवायचो, कुठे पातेलं, आणि पडल्यापडल्या नुसत्या आवाजावरून ही कशी सांगायची, "अहो, वाटी भरली." त्याने विचारलं, रेकॉर्ड करू का? आयुष्यात मला कोणी असं विचारलं नव्हतं. म्हणालो, अवश्य.
समोरच्या भिंतीवरचा डागही दाखवला. ओलीचा डाग, हुबेहूब सशासारखा. लेक लहानपणी दर पावसाळ्यानंतर त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ काढून वर्ष लिहायची. मुलांची उंची दारावर लिहितात तसं आमच्याकडे सशाचं वाढणं. सर्व्हेअर फार भारावला. डागाचाही फोटो घेतला, बराच वेळ लिहीत होता.

२५ सप्टेंबर
मिस्त्रीला कौलांचा नमुना आणायला सांगितला. लाल की विटकरी, हाच काय तो प्रश्न उरला आहे. कर्नलना सर्व्हेअरची हकीकत सांगितली. सशापर्यंत आलो तेव्हा ते चहा पिता पिता थांबले आणि मिशी चावू लागले. असूया. त्यांच्या घरात कुणी रेकॉर्डिंग केलेलं नाही.

६ ऑक्टोबर
विमा नामंजूर. लेकीने फोनवर वाचून दाखवलं : छप्पर मुळात जीर्ण, गळती अनेक वर्षांची, देखभाल नाही, मालकाने स्वतः सांगितलेलं रेकॉर्डवर आहे.
मग एवढंच विचारलं, "बाबा, ससा दाखवलात का?"
मी म्हणालो, तो भिंतीवरच होता, दाखवण्याचा प्रश्न येत नाही. तिने विचारलं, आईने समोरच्या उताराची कौलं बदलून घेतली होती ते सांगितलंत का. ते राहिलं. कवितेत मिस्त्री कधी येत नाही.
विचार करून फोन करते म्हणाली आणि ठेवला. आज हेल्मेट जेवतानाही काढलं नाही.

७ ऑक्टोबर
जेवण नाही. हाताला काही काम हवं, नाहीतर अकरावा मजला डोळ्यापुढे येतो. खिडकी खालपर्यंत काचेची आहे.
सकाळी एकदम सुचलं. डाग नाही तर गळती नाही, गळती नाही तर नामंजुरी नाही. इतकं सोपं. कर्नलकडून ब्रश आणि चुना आणला. कर्नलनी विचारलं, कशाला? म्हणालो, देखभाल.
दोन हात दिले. ससा गेला. कानांनी जरा वेळ घेतला. शेवटच्या रेघेवरून ब्रश फिरवताना हात थांबला होता, पण ठरवलं की ठरवलं.

७ ऑक्टोबर, दुपारी तीन
लेकीचा फोन. आवाजात आनंद. म्हणाली, ससा हाच आपला पुरावा. तो समोरच्या उताराखाली आहे, कौलं उडाली ती मागची. शिवाय शेवटची रेघ ती दहावीत असतानाची. आईने कौलं बदलली त्यानंतर डाग त्या रेघेबाहेर तसूभरही गेला नाही. म्हणजे देखभाल झाली, गळती थांबली, नुकसान वादळानेच केलं. सर्व्हेअरच्या फोटोत पेन्सिल उमटलेली नाही, म्हणून कंपनीने पुन्हा पाहणी मान्य केली आहे. शुक्रवारी तीही येतेय.
शेवटी म्हणाली, "बाबा, तोवर भिंतीला हात लावू नका हं."
नाही लावणार, म्हणालो. लावण्यासारखी नव्हतीच. ओली होती.

८ ऑक्टोबर
आधी वाटलं, सांगून टाकावं. फोन हातात घेतला. बासरी नसल्यामुळे धीर झाला नाही.
मग शांतपणे विचार केला. ससा मला पाठ आहे. कविता पाठ असते तसा. भिंत वाळली आहे. पेन्सिल आहे. चहा आहे.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
चहाचा रंग अप्रतिम उतरला. पहिल्या वेळी फिका झाला, म्हणून उकळून घट्ट केला. नेहमीच्या सवयीने साखर पडली, पण डागाला चव कोण बघतो. रेघा काढल्या, वर्षं लिहिली. लेकीचं लहानपणचं अक्षर काढताना चारचा आकडा तिच्यासारखा उलटाच काढला. डोळे भरून आले. चुन्यामुळे.
कर्नल बघून म्हणाले, शेळी बरी जमली आहे. त्यांना चित्रकलेतलं कळत नाही.
हा गुन्हा होतो का, असं उगाच मनात आलं. तुरुंगाला छप्पर पक्कं असतं, असंही आलं. दोन्ही विचार काढून टाकले.

१० ऑक्टोबर
लेक आली. दारातच मला हेल्मेट काढायला लावलं, केस सारखे केले. मग आत येऊन भिंतीकडे बघितलं आणि तिथेच उभी राहिली. मी काही बोलणार तेवढ्यात सर्व्हेअर आला.
तो पुढे झाला. सशाच्या डाव्या कानावरून मुंग्यांची रांग चालली होती. ती पाठीवरून वळून शेपटीशी जमली होती. त्याने डागावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मला वाटलं आता ओरडेल. त्याचा आवाज अगदी हळू होता. "आजोबा, हे मी पाहिलं नाही असं लिहू शकतो. पण मग पाहायला काहीच राहत नाही."
लेकीने त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला.
तो गेल्यावर ती भिंतीशी गेली. वाटलं, पुसेल. तिने उलट्या चारवर बोट ठेवलं आणि म्हणाली, चारला मी कधी चुकत नव्हते, बाबा. सात उलटा काढायचे.
मग कपाटातून बॅग काढली.

६ डिसेंबर, अकरावा मजला
घराला कुलूप. किल्ली कर्नलकडे. ताडपत्री अजून फडफडते, असं ते फोनवर सांगतात. फोन खिडकीतून बाहेर धरून ऐकवतातही. मी मागितलेलं नसतं. पण ठेवा असंही म्हणत नाही.
इथे छप्पर नाही, वर बाराव्या मजल्याची फरशी आहे. त्यामुळे पूर्ण निश्चिंत आहे. खिडकीकडे पाठ करून बसतो, वाचायला उजेड चांगला येतो. हेल्मेट जावयाने परत घेतलं.
परवा माझ्या खोलीच्या कोपऱ्यात छताजवळ ओलीचा डाग दिसला. वरच्यांचा पाइप गळतोय. बदकासारखा आहे. स्टुलावर चढून पेन्सिलीने रेघ काढणार होतो, तेवढ्यात लेक आली. तिने पेन्सिल काढून घेतली. पण डागाकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बदक नाही, किटली आहे.
यांच्याही घराचा विमा आहे. उद्या सकाळी सर्व्हेअर येणार. दुसरा आहे म्हणे. मला दहा ते एक खालच्या बागेत जाऊन बसायला सांगितलं आहे.
जाईन. वारा नसला तर.